गवताचे पैसे

१९५९ च्या वसंतात न्यूयॉर्कच्या उद्यान खात्यानं एका नाटकवाल्याला कळवलं की सेंट्रल पार्कमध्ये नाटक करायचं असेल तर तिकीट लावावं लागेल. एक डॉलर, दोन डॉलर. जमलेल्या पैशातले दहा टक्के शहराला. कारण काय, तर लोक येऊन गवतावर बसतात, गवत मरतं, माती झिजते, आणि गवत पुन्हा लावायला पैसे लागतात.

कळवणाऱ्या खात्याचे प्रमुख होते रॉबर्ट मोझेस. न्यूयॉर्कचे पूल, महामार्ग, पोहण्याचे तलाव, बागा यांतलं निम्मंअधिक या माणसानं बांधलं असं म्हटलं तरी चालेल. निवडणूक कधी जिंकली नाही, पण शहरातले महापौर त्याला दबकून असत. समोर होता जोसेफ पॅप. ब्रुकलिनमधल्या गरीब स्थलांतरित ज्यू घरातला, पदवी नसलेला, सार्वजनिक वाचनालयात शेक्सपिअर वाचून वाढलेला. त्यानं १९५६ साली शहराच्याच मालकीच्या ईस्ट रिव्हर पार्कमधल्या खुल्या रंगमंचावर 'ज्युलियस सीझर' फुकट केलं होतं. पुढच्या वर्षी ट्रकवर रंगमंच बांधून तो शहरभर फिरला. तो ट्रक सेंट्रल पार्कातल्या टर्टल पाँडजवळ बंद पडला आणि मग तिथंच मुक्काम झाला, अशी गोष्ट सांगतात.

पॅपनं तिकीट लावायला नकार दिला. मोझेसनं परवाना नाकारला. पॅप कोर्टात गेला. पहिल्या कोर्टात हरला, अपिलात जिंकला. फुकट दाखवतो एवढ्यावरून परवाना अडवणं मनमानी आहे, असा निकाल लागला. गंमत म्हणजे हरल्यावर याच मोझेसनं पार्कात कायमचं खुलं नाट्यगृह बांधायला शहराकडे पैसे मागितले. जॉर्ज डेलाकोर्ट या प्रकाशकानं देणगी दिली. १९६२ च्या जूनमध्ये 'द मर्चंट ऑफ व्हेनिस'नं डेलाकोर्ट थिएटर उघडलं. अर्धवर्तुळात सुमारे १८०० खुर्च्या, वर आकाश, मागं तळं आणि टेकडीवरचा बेल्व्हेडिअर कॅसल. मालकी शहराची, चालवतं पॅपनं उभं केलेलं पब्लिक थिएटर. तिकीट आजही शून्य.

मी पुन्हा पुन्हा त्या एका डॉलरपाशी येते. १९५९ सालीसुद्धा एक डॉलर म्हणजे फार नव्हता. पॅपनं तो लावला असता तर भांडण मिटलं असतं, आणि बहुतेक लोक आलेही असते. मग हा माणूस एवढा का अडून बसला? गेली दोन वर्षं मी या प्रश्नाचं उत्तर शोधते आहे. त्याला कारण नाटक नाही. माझं इथलं राहणंच सध्या एका रांगेत आहे.

•

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कोल्हापुरात शिकले, २०२१ साली मास्टर्ससाठी अमेरिकेत आले, २०२३ ला पदवी घेऊन नोकरीला लागले. ऑनलाइन बुकिंगच्या कंपनीत माझी टीम 'प्रायसिंग'चं काम करते. म्हणजे तुम्ही शुक्रवारी रात्री एखादी खोली शोधता आणि सकाळपेक्षा ती महाग दिसते, त्यामागं जो कोड असतो, तसला कोड मी लिहिते. मागणी वाढली की किंमत वाढते. किंमत वाढली की रांग नाहीशी होते. आमच्या धंद्यात रांग हा दोष मानतात. रांग दिसली म्हणजे किंमत कमी लावली.

त्या उन्हाळ्यात डेलाकोर्टला 'हॅम्लेट' होतं. दुरुस्तीसाठी थिएटर बंद होण्याआधीचं शेवटचं. हॅम्लेटबद्दल मला माहीत होतं ते एवढंच की आगरकरांनी त्याचं 'विकारविलसित' नावानं भाषांतर केलं. तेही ताईच्या एमपीएससीच्या नोट्समधून. पण फुकट आहे म्हटल्यावर गेले. 'फुकट ते पौष्टिक' असं आपण चिडवायला म्हणतो, पण शिक्षणाचं कर्ज डोक्यावर असताना त्यात चिडवण्यासारखं काही वाटत नाही.

पार्क सकाळी सहाला उघडतं. रांग झाडांखालून, वळणावळणाच्या पायवाटेनं लागते. तिकिटं दुपारी बाराला वाटतात, माणशी दोन. नियम सोपे आणि कडक. दुसऱ्यासाठी जागा धरायची नाही. स्वच्छतागृहात जाऊन या, पण सतरंजी टाकून घरी जाऊन झोपायचं नाही. रांगेवर लक्ष ठेवणारा मुलगा दर तासाभरानं येऊन हे मोठ्यानं सांगून जातो.

माझ्या पुढं घडीची खुर्ची घेऊन आलेल्या एक आजी होत्या. ज्येष्ठांसाठी वेगळी रांग असते, बाकावर बसता येतं, पण त्यांना इथंच बसायचं होतं. "तिकडं सगळे गुडघ्यांबद्दल बोलतात," म्हणाल्या. शाळेत असताना त्या इथं पहिल्यांदा आल्या होत्या. त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, पाऊस आला तरी उठायचं नाही, कारण प्रयोगाची वेळ होईपर्यंत इथं कधी रद्द म्हणत नाहीत. दोन, रंगमंचावर रॅकून आला तर हसायचं नाही, नट बिचकतात.

सहा तास. मागच्या मुलानं डबा उघडला, पुढच्या बाईंनी कुत्रं आवरलं, कुणीतरी कुणाला फोनचा चार्जर दिला. माझ्या पगाराच्या हिशेबानं ते सहा तास बऱ्याच डॉलरचे होते. पण पगार कुणी विचारला नाही. कार्ड विचारलं नाही. मी कुठली, कुठल्या व्हिसावर, कधीपर्यंत, हेही नाही. अमेरिकेत आल्यापासून ज्या-ज्या काउंटरपुढं मी उभी राहिले, त्यातला कागद न मागणारा हा पहिलाच.

रात्री नाटक सुरू झालं तेव्हा उजेड होता. संपताना अंधार. त्या मधल्या वेळात आकाशाचा रंग बदलत गेला, एक विमान कडाडत गेलं, नट क्षणभर थांबला आणि पुढं बोलू लागला. इंग्रजी अर्धंमुर्धं कळलं. पण १८०० माणसं एकाच वेळी गप्प होतात तेव्हा काय ऐकू येतं, ते कळलं.

•

आता हे जितकं गोड वाटतं तितकं नाही, तेही सांगायला हवं.

फुकट म्हणजे किंमत नाही असं नव्हे. इथं किंमत पैशांऐवजी वेळात असते. मंगळवारी सकाळी सहा ते बारा कोण उभं राहू शकतं? रजा मिळणारी मी. निवृत्त आजी. विद्यार्थी. आमच्या बिल्डिंगखालच्या दुकानात रात्रपाळी करणारा माणूस नाही. दोन घरची मुलं सांभाळणारी बाई नाही. पॅपला ज्यांच्यासाठी नाटक करायचं होतं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांकडे पैशांइतकीच वेळेचीही टंचाई असते.

आणि जिथं वेळ विकत मिळतो तिथं बाजार पोचतोच. पैसे घेऊन दुसऱ्यासाठी रांगेत उभं राहणाऱ्यांच्या जाहिराती इंटरनेटवर येऊ लागल्या. २०१० साली राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनी त्याविरुद्ध कारवाई केली. मायकेल सँडल या तत्त्वज्ञानं पैशानं काय विकत घेऊ नये यावर लिहिलेल्या पुस्तकात हे उदाहरण घेतलं आहे. माझ्या टीममध्ये मी ते सांगितलं तेव्हा एक जण सहज म्हणाला, "यात वाईट काय? ज्याला वेळ आहे त्याला पैसे मिळाले, ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला तिकीट मिळालं. दोघंही खूश." गणित बरोबर आहे. फक्त त्या गणितात तिसरा माणूस नाही. जो स्वतः रांगेत उभा राहिला आणि भाड्याच्या माणसांमुळे ज्याचा नंबर हुकला, तो.

शिवाय मोठी देणगी देणाऱ्यांना काही खुर्च्या राखून मिळतात. म्हणजे 'फुकट' चालवायलाही कुणीतरी पैसे देतं, आणि देणाऱ्याला बरी जागा हवी असते. पब्लिक थिएटर हे लपवत नाही. काही तिकिटं वेगवेगळ्या वस्त्यांत जाऊन वाटली जातात, काही मोबाईलवरच्या लॉटरीनं. रांगेच्या फटी बुजवायचे हे प्रयत्न आहेत. सगळ्या बुजत नाहीत.

•

उघड्यावर गोल बसून काही बघण्याची जागा मला परकी नव्हती. आमच्या कोल्हापुरात खासबाग मैदान आहे. १९०२ साली शाहू महाराज राज्यारोहणाच्या समारंभासाठी इंग्लंडला गेले, तेव्हा त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं आणि परतल्यावर कुस्तीसाठी तसलं मैदान बांधायचं मनात घेतलं असं सांगतात. १९१२ ला ते तयार झालं. मधोमध तांबड्या मातीचा हौदा आणि भोवती वर चढत जाणारी बैठक. वाडग्यासारखं. आबा, म्हणजे माझे आजोबा, सांगायचे, "शेवटच्या पायरीवरनं बी पैलवानाचा घाम दिसतुय बघ." इंजिनिअरिंगला आल्यावर कळलं की आबा 'साइटलाइन' शिकवत होते. पुढच्याचं डोकं मागच्याच्या नजरेत येऊ नये म्हणून प्रत्येक रांग किती उचलायची, हे गणित नीट बसलं की मागं बसलेला माणूस कमी प्रतीचा राहत नाही.

या मैदानाला लागून पॅलेस थिएटर, १९१५ चं. पुढं त्याला केशवराव भोसले यांचं नाव मिळालं. ते महानगरपालिकेच्या ताब्यात आलं. एका बाजूला कुस्ती आणि एका बाजूला संगीत नाटक, एकाच आवारात. राजानं बांधलेलं, आता गावाचं.

पण 'गावाचं' म्हणजे कुणाचं? आईचा जन्म कोल्हापुरातला, सासर कोल्हापुरातलं. तिनं खासबागेत एकही कुस्ती पाहिलेली नाही. बायकांनी यायचं नाही अशी पाटी कुठंच नव्हती. पाटीची गरजच नव्हती. ती केशवरावमध्ये मात्र जायची, मावशांबरोबर, बाल्कनीत. तिच्या तरुणपणाची जागा भिंतीच्या अलीकडची, आबांची पलीकडची. मैदान उघडं होतं, दार कुणी लावलं नव्हतं, तरी ती आत गेली नाही. म्हणून 'सर्वांसाठी खुलं' असं कुठं वाचलं की मी आधी बघते, कोण आलेलं नाही.

•

८ ऑगस्ट २०२४ ला रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. इथं दुपार होती, मी डेस्कवर होते, आणि घरच्या ग्रुपवर एकामागून एक व्हिडिओ येत होते. छपरातून ज्वाळा, रस्त्यात उभे राहून रडणारे कलाकार. आईचा व्हॉइस मेसेज आला. सात सेकंदांचा. त्यात ती काहीच बोलली नव्हती, मागं फक्त बंबाचा आवाज होता.

त्या शनिवारी मी सेंट्रल पार्कात गेले. डेलाकोर्टभोवती कुंपण, आत यंत्रं. तिथलं काम ठरवून केलेलं होतं. साडेआठ कोटी डॉलरचं, त्यातला जवळपास निम्मा वाटा शहराचा. दोन्ही ठिकाणी अंधारच होता, पण एका अंधाराची तारीख ठरलेली होती आणि दुसऱ्याची नव्हती.

सार्वजनिक जागा म्हणजे कायमची जागा असं आपण धरून चालतो. तसं नसतं. पॅपनं जिथं सुरुवात केली तो ईस्ट रिव्हर पार्कचा रंगमंच १९४१ चा. सत्तरच्या दशकात शहराकडे पैसे नव्हते, तो पडीक झाला. २००१ साली दुरुस्त झाला. आणि २०२१ च्या डिसेंबरमध्ये पाडला. २०१२ च्या सँडी वादळात नदी वस्तीत शिरली होती, म्हणून अख्खं पार्क उंच करायचं ठरलं. लोकांनी विरोध केला, झाडांना मिठ्या मारल्या. पाडणाऱ्यांची बाजूही खोटी नव्हती, कारण पुरात बुडणारी घरं गरिबांचीच होती. शहराच्या मालकीची वस्तू अशीच असते. तिचं काय करायचं यावर सतत भांडावं लागतं. भांडण थांबलं की ती कुणातरी एकाची होते.

•

त्याच वर्षी मार्चमध्ये माझं नाव एच-वन-बीच्या लॉटरीत पहिल्यांदा गेलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नोकरी आहे, कंपनी अर्ज करायला तयार आहे, तरी वर्षाला ८५ हजारच जागा. त्यांतल्या २० हजार अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी. अर्ज त्याहून कितीतरी जास्त, म्हणून संगणक चिठ्ठ्या काढतो. माझ्या पदवीवर तीन वर्षं काम करता येतं. ती २०२६ च्या उन्हाळ्यात संपतात. २०२४ ला नाव आलं नाही. २०२५ लाही नाही.

मी रोज रँडम नंबर वापरते. त्यात राग धरण्यासारखं काही नसतं. तो कुणाला ओळखत नाही, हाच त्याचा गुण. नाव न येण्याचं दुःख होतं, अपमान नव्हता. माझ्या आधी जो निवडला गेला तो माझ्यापेक्षा श्रीमंत होता म्हणून निवडला गेला नाही, एवढं तरी म्हणता येत होतं.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये डेलाकोर्ट पुन्हा उघडलं, 'ट्वेल्थ नाइट'नं. मी रजा टाकली आणि सहाला पोचले. रांग आधीपेक्षा लांब होती, कारण लुपिता न्योंगो, सँड्रा ओ, पीटर डिंक्लेज अशी नावं होती. मोबाईलच्या लॉटरीत नेहमीप्रमाणे हरले होते, रांगेत जिंकले. इमारतीच्या बाहेरून नवं लाकूड लावलं आहे. नवं म्हणजे जुनंच. न्यूयॉर्कच्या गच्च्यांवर लाकडी पाण्याच्या टाक्या असतात, त्यांतल्या निकामी टाक्यांच्या रेडवुड फळ्या. या शहरानं ज्या टाक्यांतलं पाणी प्यायलं, त्या आता नाटकाला कुंपण झाल्या.

गोष्ट अशी की व्हायोला नावाच्या मुलीचं जहाज बुडतं आणि ती एका अनोळखी किनाऱ्याला लागते. हा देश कुठला, हे तिला विचारावं लागतं. मग पुरुषाचा वेष घेऊन ती तिथं नोकरी धरते. न्योंगो व्हायोला होती, तिचा सख्खा भाऊ नाटकातला भाऊ. मध्येच ती काही वाक्यं स्वाहिलीत बोलायची. भाषांतर नाही, सबटायटल नाही. आणि मला, जिला शेक्सपिअरचं इंग्रजी दोन ओळी उशिरा कळतं, पहिल्यांदा वाटलं की आत्ता या क्षणी आम्ही सगळे सारखेच आहोत. कुणालाच शब्द कळले नाहीत. ती घरची भाषा बोलते आहे, हे मात्र सगळ्यांना कळलं.

•

सप्टेंबरमध्ये बातमी आली. नव्या एच-वन-बी अर्जासाठी एक लाख डॉलर. आधीच इथं असलेल्यांना बहुधा ते लागू नाही, असं नंतर स्पष्ट झालं. पण त्याबरोबर प्रस्ताव आला की चिठ्ठ्या सरसकट काढू नयेत, जास्त पगाराच्या नोकरीला जास्त वेळा संधी द्यावी. ऑफिसात यावर चर्चा झाली आणि एक जण म्हणाला, मार्केटच्या दृष्टीनं हे बरोबरच आहे. त्याचं म्हणणं मला नवीन नव्हतं. मीच रोज ते लिहिते. मागणी जास्त, जागा कमी, किंमत लावा, रांग संपते.

तेव्हा मला पॅपचा एक डॉलर कळला, असं वाटतं. थोड्या वस्तू पुष्कळांत वाटायच्या तर तीनच रस्ते आहेत. रांग, चिठ्ठी, किंमत. रांगेत अन्याय आहे, चिठ्ठीत क्रूरपणा आहे. पण त्या दोन्हींत हरलेला माणूस पुन्हा उद्या तेवढाच मोठा असतो. किंमत तसं ठेवत नाही. ती आधी माणसाची किंमत ठरवते आणि मग दार उघडते. एक डॉलर लावला असता तर गर्दी फारशी कमी झाली नसती. पण दारावर पहिला प्रश्न बदलला असता. आणि एकदा दारावर पैशांचा प्रश्न आला की तो एक डॉलरवर थांबत नाही. हे मी कोड लिहिणारी म्हणून सांगते.

मोझेसचं गवताबद्दलचं म्हणणं खोटं नव्हतं. गवत मरतंच. ते पुन्हा लावायला पैसे लागतात, आणि ते कुणीतरी द्यावे लागतात. प्रश्न एवढाच आहे की ते दारात मागायचे की सगळ्यांनी मिळून आधीच देऊन ठेवायचे. मी इथं कर भरते. मतदान करू शकत नाही, पुढच्या उन्हाळ्यात असेन की नाही ठाऊक नाही, पण डेलाकोर्टच्या गवताचे माझ्या वाटचे काही पैसे मी भरले आहेत.

केशवरावच्या पुनर्बांधणीचं काम सुरू झालं आहे. ताई अधूनमधून फोटो पाठवते. परवा आईला फोनवर 'ट्वेल्थ नाइट'चं सगळं सांगितलं, रांगेपासून. तिनं शेवटी एकच विचारलं, "बायका एकट्या येऊन बसत्यात व्हय तिथं? रात्रीचं?"

"बसतात की."

"मग मला दाखव एकदा. तिकीट किती?"

तिकिटाला काही पडत नाही म्हटलं, सकाळी सहाला उठायची तयारी ठेव. विमानाचं मार्चनंतर बघू.